वर काय विचारतात

आजी खवणीवर बसली की नारळाची वाटी तिच्या हातात न थांबता फिरायची आणि करवंटीला दात लागायच्या नेमक्या आधी थांबायची. आईला ते कधी जमलं नाही. आई खवताना मध्येच कर्र असा आवाज यायचा आणि आजी असेल तिथून म्हणायची, "करवंटी कित्याक खवतस गो? गुरांक घालूची आसा?" आजीला हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी आई नारळ खवत होती, करवंटीचा आवाज आला, आणि आतून कोणी काही बोललं नाही. आईने हात थांबवला, थोडी वाट पाहिली आणि मग पुन्हा खवायला लागली. आजी आता वाचत नाही हे मला तेव्हाच कळलं. बाबांनी ते आम्हाला संध्याकाळी सांगितलं.

मीरा, ईशान, माझ्या नातवंडांनो, ते घर तुम्ही पाहिलेलं नाही आणि आता दाखवताही येणार नाही, त्या जागी उंच इमारत उभी आहे. अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूला एका ओळीत बांधलेल्या खोल्या होत्या. त्यातल्या दोन आमच्या आणि तिसरी काका-काकीची, मधली भिंत फोडून दार केलेलं. विमानतळ जवळ. विमानं इतकी खालून जायची की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्यावर थांबायचा आणि विमान गेलं की तिथूनच पुढे बोलायचा. आम्ही भांडायचोसुद्धा तसेच. शेजारच्या गावठाणात चर्च होतं, त्याची घंटा, कारखान्यांचे भोंगे, आणि आमच्या घरात पहाटेपासून स्टोव्हचा आवाज. आजीची खानावळ होती. औद्योगिक वसाहतीत काम करणारी कोकणातली एकटी माणसं दुपारी जेवायला येत किंवा डबा नेत. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं, सोमवारी-गुरुवारी काळ्या वाटाण्याचं सांबार. आजी वाढताना ज्याच्या पानात कमी पडलं असेल त्याला शिव्या घालायची आणि पुन्हा वाढायची. ती थकल्यावर आई आणि काकी ती खानावळ चालवत होत्या, पण मसाला आजीच्याच देखरेखीखाली कुटला जायचा.

मागच्या रविवारी फोनवर मीराने मला विचारलं की मेल्यावर देव माणसाला काय विचारतो. तिच्या वर्गातल्या कोणीतरी तिला काहीतरी सांगितलं होतं आणि ती घाबरली होती. तुझ्या आईने विषय बदलला, बरोबरच केलं, झोपायची वेळ होती तुझी. पण मला कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर राहून गेलं की चैन पडत नाही. म्हणून इथे क्रमाने लिहिते. हे आत्ता तुझ्यासाठी नाही. मोठी झालीस की वाच.

तर आजीच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. तिला खावंसं काहीच वाटत नव्हतं. पेजेचं वरचं पाणी, कधी सोलकढीचा एक घोट. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, सुट्टी होती, म्हणून आजीजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं. उन्हाळ्यातल्या लांबलचक दुपारी मी पुठ्ठ्याने तिला वारा घालत बसायचे. पंखा होता, पण त्याच्या वाऱ्याने तिची हाडं दुखायची.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. बाबांनी पोटाला चिमटा घेऊन मला तिथे घातलं होतं आणि आजीला ते कधी पटलं नव्हतं. ती माझ्या शाळेला "सिस्टरींची शाळा" म्हणायची आणि मी इंग्रजीत काही वाचलं की कानावर पदर ओढायची. त्यामुळे एका दुपारी तिने डोळे मिटलेले असताना जे विचारलं त्याचं मला नवल वाटलं.

"निमे, तुमच्या सिस्टरींचो देव मेल्यार काय इचारता गो?"

मी म्हटलं, "आपल्या देवासारखंच असेल काहीतरी."

"आपल्यांत चित्रगुप्त आसा. तो सगळा वाचून दाखवता. तेका काय सांगूचा लागणा नाय. तुमचो इचारता काय?"

मला ते पाठ होतं. मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर फिलोमिना यांनी बोटं मोजत सांगितलं होतं. भुकेल्याला खायला दिलंस का, तहानलेल्याला पाणी दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का, उघड्याला कपडा दिलास का, आजारी माणसाकडे पाहिलंस का, तुरुंगातल्याला भेटलीस का. देवाला दुसरं काही विचारायचं नसतं, पूजा किती केली, उपास किती केले, हे तो विचारत नाही, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. मी ते मराठीत सांगितलं. आजीने डोळे उघडले.

"उपासाचा इचारना नाय?"

"नाही."

"बघ मेल्याचा. इतके सोमवार फुकट गेले." तिला हसायचं होतं, पण पोट दुखलं. मग म्हणाली, "एकेक सांग."

मी एकेक सांगत गेले. भुकेल्याला जेवण? "जल्मभर घातलंय. पैशे घेतलंय, पण घातलंय. पैशे नाय म्हणान उपाशी कोण गेलो नाय." तहानलेल्याला पाणी? नळाला पाणी नसे तेव्हाही आमच्या दारात मडकं भरलेलं असे, ते तिने सांगितलं. परक्याला घरात घेतलंस का? गावाहून मुंबईत आलेली कितीतरी मुलं आमच्या ओटीवर झोपून गेली होती, तिने त्यांची नावं घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच दमली. कपडा? जुनी लुगडी, हो. तुरुंग मी चुकून आधी सांगितला. "आपला कोण आसा तुरुंगात? थांब. परबाचो झील, दारूच्या केशीत. तेका डबो धाडलंय मिया. पोलिसांनी खाल्ल्यानी तो." परबांच्या मुलाचंही जमेला धरून ती परीक्षेत बसलेल्या मुलीसारखी खूश होत चालली होती. मलाही मजा वाटत होती.

मग मी म्हटलं, "आणि आजारी माणसाकडे पाहिलंस का?"

आजीने तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं झोप लागली. थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "वारो नको घालू आता."

त्यानंतर तिने अंथरूण धरलं ते धरलंच. डॉक्टर येऊन नाडी बघून जायचे आणि म्हणायचे, आज-उद्या. आज-उद्या करत दिवस जात राहिले. आमच्याकडे माणूस असा रेंगाळला की म्हणतात, जीव अडकलाय. मग कोणात अडकलाय ते शोधायचं. नातेवाइकांना बोलावतात, प्रत्येकजण तुळशीचं पान घातलेलं पाणी पळीने तोंडात सोडतो आणि म्हणतो, आमचं काही मनात नाही, सुखाने जा. गावाहून आजीचा भाऊ येऊन गेला. लालबागची नणंद आली, जिच्याशी ती कित्येक वर्षं बोलत नव्हती. खानावळीत जेवलेली माणसं आली, त्यांतले दोघे रडले. आजी प्रत्येकाचं पाणी घ्यायची आणि मग मधल्या दाराकडे बघायची. मधल्या दाराच्या पलीकडे काकी डबे भरत असायची. ती तेवढी आली नव्हती.

काकी आजीचं सगळं करायची हे सांगायला हवं. आजीचे कपडे धुवायची, तिची चादर बदलायची, तिला कुशीवर वळवायची, कारण आईच्या कमरेत ताकद नव्हती. पण हे सगळं ती न बोलता करायची, आणि पाण्याची पळी तिने हातात घेतली नव्हती. मी आईला विचारलं. आईने आधी उडवून लावलं. मग खोबरं वाटता वाटता, माझ्याकडे न बघता, सांगितलं.

काकीला मुलगी झाली होती. मी तेव्हा इतकी लहान होते की मला फक्त एवढंच आठवतं, काकीच्या खोलीचं दार बंद होतं आणि मला शेजारी जेवायला पाठवलं होतं. पालिकेच्या प्रसूतिगृहातून बाळ धडधाकट घरी आलं. पाचव्या दिवशी ते दूध ओढेना. अंग तापलं. काकी म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. आजी म्हणाली, उद्या सटीची रात्र आहे, ती होऊ दे. सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते असं आमच्याकडे मानतात. पाटा-वरवंटा पुजून, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्याआधी बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. दुसऱ्या दिवशी काकी, तिलाही ताप चढला होता, तशीच उठून बाळाला घेऊन दाराकडे गेली तेव्हा आजीने कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. रात्री पूजा झाली. उजाडायच्या आत बाळ गेलं. त्यानंतर काकीला मूल झालं नाही.

"तू काय केलंस तेव्हा?" मी आईला विचारलं.

"पूजेची तयारी," आई म्हणाली. आणि वाटण इतकं बारीक झालं होतं तरी ती वाटतच राहिली.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. तुम्ही हे वाचून म्हणाल की तुमची खापरपणजी अडाणी आणि दुष्ट होती. अडाणी होती. पण माणसांना जेवू घालणारी, परक्यांच्या पोरांना ओटीवर झोपू देणारी जी बाई मी वर लिहिली तीही तीच होती, आणि ती बाई मी रोज पाहत होते. ह्या दोन बायका एकाच माणसात कशा बसतात हे मला सोळाव्या वर्षी कळलं नाही. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाला पोचायला आले आहे, अजूनही नीट कळलेलं नाही.

मग एक दिवस बाबा आणि काका दोघेही रजा घेऊन घरी राहिले. ठरवूनच. काकी डब्यांच्या चपात्या लाटत होती, आई भाजत होती, मी सुकट निवडत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. थोरल्या दिराने धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. ती दोन हातांवर असली तरी ते आईकडे बघून बोलायचे.

"तिला सांग, आईच्या तोंडात पळीभर पाणी घाल म्हणावं. आणि म्हण, माझं काही मनात नाही. बस, एवढंच."

काकीने लाटणं थांबवलं नाही. तीही आईलाच म्हणाली, "ताई, भाऊजींना सांगा, माझ्या मनात आहे."

काका बाबांच्या मागे होता. तो म्हणाला, "अगं, मरणाऱ्या माणसाशी काय धरून बसायचं? इतकी वर्षं झाली त्या गोष्टीला."

"तुम्ही नका धरू. तुम्ही कधी धरलं होतं?"

"हे बघ, असं टोचून बोलायची वेळ आहे का ही?"

"मी टोचतेय? मी चपात्या लाटतेय."

बाबा पुन्हा आईला म्हणाले, "तिला सांग, आईला वर जाऊन उत्तर द्यायचंय. तिचे हाल बघवत नाहीत. तिची वाट आपण सोपी करावी."

काकीने लाटणं खाली ठेवलं, हात झाडले आणि पहिल्यांदाच सरळ बाबांच्या तोंडाकडे बघितलं.

"भाऊजी, वर त्यांना एकट्यांनाच विचारणार आहेत का? कडी आईंनी घातली. बरोबर आहे. ती काढायला तुमच्यापैकी कोणाचे हात मोडले होते?"

तेवढ्यात विमान आलं. सगळे थांबले. विमान गेलं, आणि कोणीच पुढे बोललं नाही. तव्यावरची चपाती करपून धूर झाला तरी आईने मान वर केली नाही. काका मधल्या दारातून आपल्या खोलीत निघून गेला. बाबांनी खुंटीवरची पिशवी काढली, दही आणतो म्हणाले आणि बाहेर पडले. घरात दही होतं.

त्यानंतर पाण्याचं नाव कोणी काढलं नाही. दोन-तीन दिवसांनी, डबे गेल्यावर, आई पडली होती तेव्हा काकी आजीच्या खोलीत आली. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस तू. त्यांचं बोलणं मला नीट कळणार नाही आता, तुला कळतं." ती खाली फरशीवर बसली, भिंतीला टेकून. आजीने तिला पाहिलं आणि हात जोडायचा प्रयत्न केला. एकच हात उचलला गेला.

"ते राहू द्या आई," काकी म्हणाली. "मला एक विचारायचंय. ती कशी होती दिसायला?"

आजीला समजलं नाही. मलाही नाही.

"मला ताप होता," काकी म्हणाली. "खोलीत अंधार करून ठेवला होता तुम्ही. पाजायला द्यायचात, लगेच घ्यायचात. आंघोळ तुम्हीच घालायचात. मला तिचं तोंड आठवत नाही. मी आठवायला जाते तर दुसऱ्याच कोणाचं बाळ येतं डोळ्यांसमोर. तुम्ही रोज उजेडात पाहिलंत तिला. सांगा."

मग आजीचा आवाज आला, इतका बारीक की मला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला. मी ऐकायचे आणि मोठ्याने सांगायचे.

"कानांर केस होते. काळे. मी पिठाची गोळी फिरवून काढूक बघलंय, गेले नाय." काकी म्हणाली, "पुढे." "पायाचा दुसरा बोट अंगठ्यापेक्षा मोठा." "कुठल्या पायाचं?" "दोनय." "पुढे." "पाणी वतला की रडा नाय. डोळे मोठे करून बघी. माका वाटला, ह्या चेडू कोणाक भियाचा नाय." कपाळाच्या कडेला एक निळी शीर होती. तिने एकदा आजीच्या बांगडीत बोट अडकवलं होतं आणि ते काढायला तेल लावावं लागलं होतं. हे सांगताना आजीचा घसा पार कोरडा पडला, ओठ एकमेकांना चिकटले. काकी उठली, माठातलं पाणी पेल्यात घेतलं, कापूस भिजवून आजीच्या तोंडात पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला. बाबा तेव्हा दारात येऊन उभे होते हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी ते पाणी पाहिलं, हात जोडले, आणि जाऊन आईला उठवलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळीत पसरलं की धाकटीने सासूला पाणी दिलं, माफ केलं, म्हातारी आता सुटली.

म्हातारी सुटली नाही. दुसऱ्या दुपारी काकी पुन्हा आली आणि तिथेच बसली. मग रोज. रोज नवे प्रश्न असायचे. कुठल्या कुशीवर झोपायची? शिंकायची का? पहिल्या दिवशी दुपटं कोणतं होतं, हिरवं की फुलांचं? आजीला कधी आठवायचं नाही तर काकी म्हणायची, "आठवा. मी बसलेय." त्यात कठोरपणा होता, पण आरडाओरडा नव्हता. आजी थकायची, डोळे मिटायची, आणि काकी वाट बघायची. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा मी म्हटलं, "काकी, पुरे ना, दमली ती." काकी म्हणाली, "मी पण दमलेय निमे. उगाच मध्ये बोलू नको." आणि आश्चर्य म्हणजे आजीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली, नको म्हणून. तिला काकी जायला नको होती.

शेवटचा प्रश्न काकीने बरेच दिवस विचारला नाही. मला वाटतं ती त्याच्याभोवती फिरत होती.

"सटीच्या दिवशी सकाळी ती प्यायली नाही. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलंय, प्वॉट भरला आसात."

"दुपारी मी तिला घेऊन दाराकडे आले. तेव्हा तुम्ही तिला हात लावून बघितलंत. मी पाहिलंय. पायांना हात लावलात."

आजीने डोळे मिटले.

"आई, तुम्हाला तेव्हा कळलं होतं का?"

मी आजीच्या तोंडाजवळ कान नेला. फक्त श्वास येत होता. काकीने प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही. बाहेर कोणीतरी अंगणात बादली ओढत नेली, चर्चची घंटा झाली, आणि काकी तशीच बसून होती. मग आजी बोलली, आणि ह्या वेळी मला मोठ्याने सांगावं लागलं नाही, इतकं स्पष्ट बोलली.

"कळला होता. पाय थंड पडलेले. माझी दोन पोरां तशीच गेलेली गावाक."

"आणि तरी?"

"तरी. माका वाटला, रात्री सटवी येतली. चेडू घरात नाय गावला तर ती कपाळार काय एक लिवल्याशिवाय जायत. आणि ज्येच्या कपाळार काय लिवला नाय, ता जगतला कसा? डाक्टराचा काय, तो सकाळी पण गावतलो." ती थांबली. "माका सटवीचा भ्या जास्त वाटला."

काकीने मान हलवली. दोन-तीनदा, हळूहळू, एखाद्याने पत्ता सांगितल्यावर आपण हलवतो तशी.

"आता तू काय ता बोल," आजी म्हणाली. "शिव्या घाल."

"मला बोलायचं काही नाही. विचारायचं होतं." काकीने तिच्या अंगावरची चादर सरळ केली, माश्या बसू नयेत म्हणून पायांवरून खोचली, आणि डब्यांची भांडी घासायला गेली.

आजी त्यानंतर बोलली नाही. काही दिवसांनी भर दुपारी गेली. काकी पिठाच्या गिरणीत गेली होती. मी हाक मारली, बाबा धावत आले, त्यांनी पळी शोधली आणि ती सापडेपर्यंत सगळं झालं होतं. दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, काही मागे राहिलेलं नाही, समाधानाने गेल्या. जमलेल्या बायका काकीकडे बघून हळहळल्या, एकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "मोठं मन गं तुझं." काकीने पाठ तशीच राहू दिली.

बाबांनी पुढे मरेपर्यंत त्या कडीबद्दल एक शब्द काढला नाही. काकाने तर नाहीच. पण आजीचे दिवस झाल्यावर एका रविवारी बाबांनी मधल्या दाराची आणि बाहेरच्या दाराची, दोन्ही कड्या उचकटून काढल्या आणि साध्या लाकडी खिट्या बसवल्या. का, ते कोणी विचारलं नाही. मला वाटतं बाबांनाही कोणीतरी विचारायला हवं होतं. आम्ही सगळे त्यांच्याशी चांगलं वागत राहिलो आणि त्यांना ते विचारलंच नाही. चाळीस वर्षांनी आता वाटतं की तोच त्यांच्यावर झालेला अन्याय असावा. की दया होती? मीरा, मला ह्याचं उत्तर येत नाही.

तेरावं आटोपल्यावर घरात पुन्हा मासे आले. दारावर येणाऱ्या कोळणीने, आजीच्या वेळची जुनी ओळख म्हणून, बांगडे जरा हात सैल सोडून दिले होते. काकी मोरीपाशी बसून ते साफ करत होती आणि मी तिच्या शेजारी उकिडवी बसले होते. कितीतरी दिवस मनात होतं ते मी विचारलं.

"काकी, तू आजीला खरंच माफ केलंस?"

"नाही," ती म्हणाली. बांगड्याचं पोट फाडून तिने आतलं काढून टाकलं.

"मग पाणी?"

"घसा सुकला होता त्यांचा. कोणालाही दिलं असतं."

"मग रोज जाऊन का बसायचीस?"

काकीने पुढचा मासा उचलला, त्याच्या कल्ल्यात बोट घातलं, तसंच ठेवलं.

"माझ्याकडे काहीच नव्हतं गं तिचं. फोटो नाही. नाव ठेवलं नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं आईंकडे होतं, आणि त्या घेऊन चालल्या होत्या."

मग मला सिस्टरची ती बोटं मोजलेली आठवली, आणि मी सोळा वर्षांची होते, म्हणून मी विचारलं, "आणि उद्या देवाने तुला विचारलं, माफ का नाही केलंस, तर?"

"विचारू दे की. मी कुठे पळतेय." तिने बांगड्याला तिरक्या चिरा पाडल्या, एक, दोन, तीन, उलटा केला, त्या बाजूलाही पाडल्या. "पण आधी मी विचारणार. माझं झालं की मग त्याचं. मीठ दे इकडे, आणि हळद."